ठासणीच्या बंदुकीची दारू बाजारात मिळेनाशी होते तेव्हा

अमेरिकेत ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्या हौशी नेमबाजांची संख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली आणि इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या छोट्या गावी तिचे मैदान आहे. यादवी युद्धातील पलटणींच्या नावाने संघ करून स्पर्धा खेळणारी आणखी एक संघटना १९५० पासून चालत आली आहे. याशिवाय अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. या सर्वांची गरज एकच असते, ती म्हणजे बंदुकीची काळी दारू, अर्थात ब्लॅक पावडर. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशातील ब्लॅक पावडरचा एकमेव मोठा कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली, दुकानांतील फडताळे रिकामी झाली आणि जुनाच एक प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला: सोरा, गंधक आणि कोळसा या तीनच वस्तूंची ही दारू असेल, तर ती घरी का करू नये?

प्रश्न विचारणारी माणसे बहुधा बेफिकीर नसतात. स्वतःच्या हाताने शिसगोळ्या ओतणारी, बंदुकीचा लाकडी दस्ता तासणारी, जुनी कौशल्ये जपणारी ही मंडळी असतात आणि दारू करणे ही त्याच मालिकेतील पुढची पायरी आहे, असे त्यांना मनापासून वाटते. मला तसे वाटत नाही. त्याचे कारण नीट समजून घ्यायचे, तर ही बंदूक कशी चालते, दारूचा तुटवडा का पडतो आणि कारखान्यातून आलेल्या एक पौंडाच्या डब्यात नेमके काय असते, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. दारू कशी करावी याची माहिती या लेखात नाही आणि ती देण्याचा हेतूही नाही.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. दारू मापाने मोजून नळीच्या तोंडातून आत ओतायची, तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात शिसगोळी बसवायची आणि गजाने ती दारूवर घट्ट टेकेपर्यंत ठासायची. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगण्याची किंवा फाटण्याची भीती असते, म्हणून अनुभवी नेमबाज गजावर खूण करून ठेवतात आणि गोळी खरोखर तळाशी पोहोचली की नाही हे प्रत्येक बाराला पाहतात. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीत यापुढे आणखी एक पायरी असते. नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाजवळच्या रंजकदाणीत अगदी बारीक दारूची चिमूट, म्हणजे रंजक, टाकतात. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडते, ठिणग्या रंजकावर पडतात, रंजक भडकते आणि त्याची झळ कानातून आत शिरून मुख्य दारू पेटवते. हे सर्व क्षणार्धात होते, पण त्या क्षणार्धाचा प्रत्येक दुवा दारू किती सहज आणि किती सारखी पेटते यावर अवलंबून असतो. पुढे एकोणिसाव्या शतकात गारगोटीच्या जागी तांब्याची टोपी आली. ती हातोडीच्या आघाताने फुटते आणि तिची ज्वाळा ठिणगीपेक्षा कितीतरी जोरकस असते. हा फरक तुटवड्याच्या काळात फार महत्त्वाचा ठरतो.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवणे आवश्यक आहे. आधुनिक काडतुसांत वापरली जाणारी बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही वापरू नये, मग काळ्या दारूचा कितीही तुटवडा असो. तिचा दाब पूर्णपणे वेगळ्या प्रकारे चढतो आणि काळ्या दारूसाठी घडवलेली नळी तो सहन करू शकत नाही. काळ्या दारूच्या मापाने तिचा बार भरला तर नळी फुटून नेमबाजाचे हात आणि डोळे जाऊ शकतात. खास त्यासाठीच बनवलेल्या आणि निर्मात्याने तसे लिहून दिलेल्या मोजक्या बंदुकांचा अपवाद सोडला, तर या नियमाला पळवाट नाही.

आता तुटवड्याकडे वळू. ब्लॅक पावडरचा एकूण बाजार लहान आहे, पण धोका मोठा आहे आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की कारखाने एकेक करून बंद होत जातात. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने हा व्यवसाय १८०२ मध्ये डेलावेअरमधील ब्रँडीवाइन नदीकाठी सुरू केला. विसाव्या शतकात मागणी घटत गेली, कारण खाणीत डायनामाइट आले आणि सैन्यात बिनधुराची दारू आली. १९७० च्या दशकात ड्यू पाँटने पेन्सिल्व्हेनियातील मूसिक येथील आपला उरलेला कारखाना विकला. त्यातून जी कंपनी उभी राहिली तिचे नाव गोएक्स. हा कारखाना पुढे लुइझियानातील मिंडेनजवळ, सैन्याच्या जुन्या दारूगोळा कारखान्याच्या विस्तीर्ण आवारात गेला. २००९ मध्ये हॉजडन कंपनीने तो घेतला. जून २०२१ मध्ये तेथे स्फोट झाला आणि काही महिन्यांतच कंपनीने तेथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

पुढे जे घडले त्यातून या व्यवसायाचे स्वरूप चांगले कळते. २०२२ च्या सुरुवातीला तो कारखाना विकत घेतला एस्टीस या कंपनीने, जी मुलांसाठी आणि हौशी लोकांसाठी छोटी रॉकेटे बनवते. तिच्या रॉकेटांच्या इंजिनांत काळी दारूच लागते, म्हणजे कारखाना कायमचा बंद पडला असता तर तिचा स्वतःचा धंदाच अडचणीत आला असता. सैन्यालाही ही दारू लागते, कारण तोफांच्या मुख्य भाराला पेटवण्यासाठी आणि काही प्रकारच्या फ्यूजमध्ये ती अजून वापरली जाते. हौशी नेमबाज या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा असतो. त्याच्यापर्यंत डबा पोहोचण्याआधी एकच कारखाना, त्याचे विमा आणि परवाने, सैन्याची मागणी आणि स्फोटकांच्या वाहतुकीचे नियम एवढे सगळे पार पडावे लागते. स्वित्झर्लंडमधील ओबॉन येथील जुना कारखाना आणि जर्मनीतील वानो ही कंपनी यांची दारू अमेरिकेत आयात होते आणि तिचा दर्जा उत्तम मानला जातो, पण एक मोठा देशी पुरवठादार अचानक थांबला की आयातीने ती पोकळी लगेच भरून निघत नाही. त्याच सुमारास बंदुकीच्या टोप्याही मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे लोकांची धास्ती आणखी वाढली आणि ज्याला जितके डबे मिळाले तितके त्याने उचलले. अशा साठेबाजीने थोडा तुटवडाही मोठा दिसू लागतो.

अमेरिकेला हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला आपल्या फौजेकडे माणशी जेमतेम नऊ बार पुरतील इतकीच दारू उरल्याचे कळले होते. त्या युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकनांनी जी दारू उडवली, तिचा फार मोठा हिस्सा बाहेरून, मुख्यतः फ्रान्समार्फत आला. पुढे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हाही सोऱ्याचा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे धागे थेट भारतापर्यंत येतात. त्या काळी जगातील उत्तम सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहारमधून, पाटण्याच्या परिसरातून होत असे. तेथील नोनिया समाजाचे लोक खारट मातीतून तो काढत आणि त्याचा व्यापार इंग्रजांच्या हाती होता. अमेरिकन सरकारसाठी हा भारतीय सोरा विकत घ्यायला लॅमॉ ड्यू पाँट १८६१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडला गेला आणि त्याने खरेदीही केली. पण त्याच महिन्यात अमेरिकन नौदलाने एका ब्रिटिश जहाजावरून बंडखोर दक्षिणी राज्यांच्या दोन दूतांना उतरवून अटक केली. इंग्लंड संतापले आणि सोऱ्याची निर्यात थांबली. दूतांना सोडून दिल्यानंतरच तो माल हलला.

घरी दारू करू पाहणारे लोक अनेकदा याच इतिहासाचा दाखला देतात आणि आपले पूर्वज ती स्वतः करत असत असे म्हणतात. इतिहास नीट पाहिला तर चित्र वेगळे दिसते. सीमेवरचा वसाहतवाला किंवा शिकारी बहुतेक वेळा दारू विकत घेत असे, ती पिंपातून आणि डब्यातून दूरच्या व्यापारी ठाण्यांवर जात असे. करणारे लोक वेगळे होते, ते वस्तीपासून दूर, पाण्याच्या काठी काम करत आणि त्याची किंमत मोजत.

ती किंमत ब्रँडीवाइनच्या काठावर आजही दिसते. ड्यू पाँटचे जुने आवार आता हॅग्ली या नावाने संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. नदीकाठाने ओळीने उभ्या असलेल्या दगडी इमारती पाहिल्या की त्यांची घडण चमत्कारिक वाटते. तीन बाजूंच्या भिंती अतिशय जाड, दगडी चिऱ्यांच्या आणि नदीकडची चौथी बाजू मात्र हलकी, लाकडी. छप्परही हलके आणि नदीकडे उतरते. बांधणाऱ्याला इमारत उडणार हे ठाऊक होते आणि त्याने फक्त ती कोणत्या दिशेने उडावी एवढे ठरवून ठेवले होते. एका इमारतीचा स्फोट शेजारच्या इमारतीला लागू नये म्हणून त्यांच्यामध्ये अंतर राखलेले होते. कामगारांच्या खिशात काडी नाही ना हे तपासले जाई आणि बुटात लोखंडी खिळे चालत नसत. एवढे करूनही १८०२ ते १९२१ या काळात तेथे २८८ स्फोट झाले आणि २२८ माणसे मेली. स्फोटात कोणी गेला तर कामगार तो ‘नदीपलीकडे गेला’ असे म्हणत. संस्थापकाचा मुलगा अलेक्सिस ड्यू पाँट १८५७ मध्ये याच आवारात झालेल्या स्फोटात मरण पावला. सोरा आणायला इंग्लंडला गेलेला लॅमॉ हा त्या घराण्यातील सर्वांत निष्णात रसायनतज्ज्ञांपैकी एक होता आणि तो १८८४ मध्ये नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेला. धंदा पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या, पैसा आणि जागा यांची कमतरता नसलेल्या लोकांची ही कथा आहे.

यातून मला जे सांगायचे आहे ते असे: काळ्या दारूच्या डब्यासाठी आपण पैसे मोजतो ते सोरा, गंधक आणि कोळसा यांचे नसतात. कच्चा माल त्या मानाने स्वस्त असतो. पैसे मोजले जातात ते माणूस आणि दारू यांच्यामध्ये ठेवलेल्या अंतराचे. आजच्या कारखान्यात सर्वांत धोकादायक टप्प्यांवर यंत्राजवळ माणूस नसतो, तो भिंतीआड आणि लांबून यंत्र चालवतो. स्फोट झालाच तर इमारत जावी, माणूस राहावा, या हिशेबाने सगळी मांडणी केलेली असते. घराच्या तळघरात, गॅरेजमध्ये किंवा अंगणातल्या शेडमध्ये हे अंतर निर्माणच करता येत नाही. तेथे करणारा माणूस प्रत्येक टप्प्यावर मालाच्या हातभर अंतरावर असतो आणि बहुधा त्याच छपराखाली त्याचे कुटुंब झोपलेले असते.

काळी दारू ठिणगी, घर्षण, आघात आणि उष्णता या सर्वांना संवेदनशील असते. उघड्यावर ती भपकन जळते आणि बंदिस्त असली की फोडते, म्हणून वाहतुकीच्या नियमांत तिला स्फोटकांच्या सर्वांत कडक वर्गात धरले जाते, तर बिनधुराची दारू सामान्यतः त्याहून सौम्य वर्गात येते. अपघात बहुतेक वेळा नवशिक्याचा पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो आणि जपून वागतो. काम अंगवळणी पडते, फटींत आणि कपड्यांवर बारीक धूळ साचत जाते, एखाद्या दिवशी घाई असते, आणि इतके दिवस काही झाले नाही म्हणून आजही होणार नाही असे वाटू लागते. ब्रँडीवाइनच्या काठावरची माणसे तर रोज हेच काम करणारी होती.

कारखान्यातही शिस्त सैल झाली की काय होते याचे अलीकडचे उदाहरण न्यू हॅम्पशायरमधील कोलब्रूक येथील आहे. मे २०१० मध्ये तेथे ठासणीच्या बंदुकांसाठी काळ्या दारूला पर्याय म्हणून पावडर बनवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन नव्यानेच कामावर लागलेले दोन कामगार ठार झाले. कामगार सुरक्षा खात्याने बारा लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला आणि पुढे मालकाला सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात जावे लागले. पायरोडेक्स हा काळ्या दारूचा सर्वांत परिचित पर्याय ज्याने शोधला, तो डॅन पावलाक स्वतः १९७७ मध्ये आपल्या कारखान्यातील दुर्घटनेत सहकाऱ्यांसह मरण पावला. आपल्या पावडरीचे रसायन त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती.

समजा, एखाद्याला हा सर्व धोका मान्य आहे. तरीही हातात येते ते काय? काळी दारू ही नुसती भुकटी नसते, ती दाण्यांच्या रूपात असते आणि दाण्याचा आकार हे तिचे मर्म आहे. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो आणि त्याच्याच ढलप्या भडकन पेटतात, तसेच येथेही असते: दाणा जितका बारीक, तितकी पेट घेणारी बाजू जास्त आणि जळणे वेगवान. म्हणूनच डब्यांवर एफ या अक्षराने दाण्याची जात लिहिलेली असते. एक एफ असलेला जाड दाणा मोठ्या नळीच्या मस्केटींना, दोन एफ साधारणपणे पन्नास कॅलिबर (नळीच्या व्यासाचे माप) आणि त्यापुढच्या रायफलींना, तीन एफ लहान रायफली आणि पिस्तुलांना, तर चार एफ रंजकदाणीसाठी. नेमबाज दारू वजनाने नव्हे तर मापाने, म्हणजे आकारमानाने मोजतो. ही पद्धत सुरक्षित ठरते ती केवळ एका गृहीतावर: आजच्या डब्यातील दाणा आणि पुढच्या वर्षीच्या डब्यातील दाणा सारख्याच घनतेचा, सारख्याच आकाराचा आणि सारख्याच ओलाव्याचा असेल. कोळसा कोणत्या लाकडाचा आहे आणि तो कसा भाजला आहे यानेसुद्धा दारूचा वेग बदलतो. कारखाना प्रत्येक खेप तपासतो, मोजतो, गरज पडली तर खेपा एकमेकींत मिसळून त्यांना एका पातळीवर आणतो. घरी केलेल्या दारूत हे काहीच नसते, त्यामुळे तेच माप आज मंद बार देईल आणि उद्या अपेक्षेपेक्षा जास्त दाब देईल. मंद बाराने शिकारीत जनावर जखमी होऊन हाल काढते. चाप ओढल्यावर बार काही क्षण उशिरा उडाला, तर तोपर्यंत नेमबाजाने नळी खाली घेतलेली असू शकते. जास्त दाबाचे परिणाम सांगायची गरज नाही.

काळी दारू मुळातच घाण करणारी आहे. एकोणिसाव्या शतकात नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिच्या ज्वलनाचा सखोल अभ्यास केला. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो आणि उरलेला घन रूपात राहतो, असे त्यातून दिसले. तो पांढरा दाट धूर आणि नळीत साठणारी काजळी हे त्याचेच दृश्य रूप. दारू जितकी अनियमित, तितकी ही काजळी जास्त आणि दोन-चार बारांनंतर गोळी खाली उतरेनाशी होते. मग माणूस जोर लावून गज ठोकतो आणि गोळी अर्ध्यावर अडकते. वर सांगितलेली पोकळी अशीच तयार होते.

कायद्याची बाजू अमेरिकेत अनेकांना चुकीची समजलेली आहे. तेथील संघीय कायद्यात स्वतःच्या, बिगर-व्यापारी वापरासाठी स्फोटक तयार करणाऱ्याला संघीय परवाना लागत नाही, हे अर्धे वाक्य सर्वांना पाठ असते. दुसरे अर्धे असे की पन्नास पौंडांपर्यंतच्या काळ्या दारूला जी सूट आहे, ती कायद्याच्या शब्दांत ‘व्यापारी पद्धतीने उत्पादित’ दारूलाच आहे आणि तीही जुन्या धाटणीच्या बंदुकांत क्रीडा, करमणूक वा सांस्कृतिक कारणासाठी वापरायची असेल तरच. १९७० च्या कायद्यात ही मर्यादा पाच पौंडांची होती, १९७५ मध्ये ती पन्नास झाली. घरी केलेली दारू या सुटीबाहेर पडते, म्हणजे तिच्या साठवणीला स्फोटकांच्या कोठाराचे पूर्ण नियम लागू होतात आणि ते पाळणे सामान्य घरात जवळपास अशक्य असते. त्यावर राज्याचे कायदे आणि स्थानिक अग्निशमन नियम वेगळे, आणि ते बहुधा अधिक कडक. घराचा विमा अशा आगीची भरपाई देईल याची खात्री कोणी देत नाही. अनेक मैदानांवर आणि स्पर्धांत तर कारखान्याचीच दारू असावी अशी अट असते.

मग तुटवड्यात करायचे काय? सर्वांत आधी हिशेब करावा. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. सत्तर ग्रेनचा बार भरणाऱ्याला एका डब्यात शंभर बार मिळतात. पंचवीस ते पन्नास यार्डांवरच्या कागदी लक्ष्यासाठी इतका भार बहुतेक वेळा लागतच नाही. बंदुकीच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत राहून तोच भार पस्तीस ग्रेनवर आणला तर दोनशे बार होतात आणि पुष्कळ रायफली हलक्या भाराने अधिक नेमक्या चालतात. ज्याच्याकडे बत्तीस किंवा छत्तीस कॅलिबरची छोटी रायफल आहे, त्याला वीस-पंचवीस ग्रेनही पुरतात आणि सरावासाठी ती काढणे हा तुटवड्यातला सर्वांत शहाणपणाचा उपाय आहे. गोळी मात्र प्रत्येक वेळी दारूवर टेकलीच पाहिजे, भार कमी केला म्हणून पोकळी सोडायची नाही.

दुसरा मार्ग पर्यायी पावडरींचा. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारख्या पावडरी पेटण्यासाठी अधिक उष्णता मागतात. टोपीच्या बंदुकीत ती उष्णता मिळते, पण गारगोटीच्या ठिणगीने त्या भरवशाने पेटत नाहीत. म्हणून मला क्लबांनी एकमेकांत ठरवून घेतलेली एक गोष्ट फार योग्य वाटते: ज्यांच्याकडे टोपीच्या बंदुका आहेत त्यांनी पर्यायी पावडर वापरावी आणि मिळेल ती खरी काळी दारू चकमकवाल्यांसाठी सोडावी. पर्यायी पावडर वजनाने नव्हे, आकारमानाने मोजायची असते आणि ट्रिपल सेव्हन अधिक जोरकस असल्याने तिचे माप काळ्या दारूपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी ठेवायला निर्माता सांगतो. डब्यावरची सूचना अंतिम मानावी. यांतल्या काहींची काजळी नळीला लवकर गंज चढवते, त्यामुळे त्याच दिवशी गरम पाण्याने धुणे आणि तेल लावणे टाळून चालत नाही. चकमकवाल्याकडे चार एफची दारू नसेल तर तीन एफ रंजक म्हणून चालते, म्हणजे एकाच डब्यावर नळी आणि रंजकदाणी दोन्ही भागतात.

मागवण्याची पद्धतही बदलता येते. स्फोटकाच्या वाहतुकीसाठी प्रत्येक पार्सलमागे ठरावीक जादा आकार लागतो, तो एका डब्याला लागतो तितकाच मोठ्या खोक्याला लागतो. त्यामुळे क्लबच्या वतीने एकत्र मागणी नोंदवणे स्वस्त पडते आणि माल आल्यावर प्रत्येकाला मूळ बंद डब्यातच वाटता येतो. जुन्या दारूबद्दलही उगाच भीती बाळगू नये: कोरड्या जागी मूळ डब्यात ठेवलेली काळी दारू दीर्घकाळ टिकते. डबा उन्हापासून, बॉयलरपासून, विजेच्या अवजारांपासून दूर असावा, काचेच्या बरणीत ओतून ठेवू नये आणि दारू, टोप्या नेहमी वेगवेगळ्या जागी असाव्यात. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू कधी ओतू नये, कारण आधीच्या बाराचा एखादा धुमसता कण आत राहिला असेल तर पेट संपूर्ण शिंगापर्यंत येतो. मधे मापाचे भांडे असते ते यासाठीच.

भारतातल्या वाचकांसाठी स्थिती आणखी स्पष्ट आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्यात बंदुकीच्या दारूचे नाव घेऊन तिला स्फोटक म्हटलेले आहे, आणि परवान्याशिवाय ती तयार करणे गुन्हा आहे. वैयक्तिक वापर ही सबब त्याला लागू पडत नाही. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बंदुकीसाठी शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगणारी घरे आजही आहेत, रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून बागा वाचवण्यासाठी त्या घेतलेल्या असतात आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. या परवानाधारकांनी दारू परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून घ्यावी आणि ती मिळत नसेल तर जिल्हा प्रशासनाकडे लेखी विचारणा करावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तेथे हा छंद धरला असेल, तर त्याने आपल्या राज्याचा आणि शहराचा नियम आधी वाचावा, कारण एकाच देशात दोन गावांचे नियम वेगळे असू शकतात.

शेवटी एक प्रसंग, जो या छंदात वाढत्या वयाच्या लोकांमुळे अधिकाधिक घरांत येणार आहे. वडील किंवा आजोबा गेल्यावर सामान आवरताना चिठ्ठी नसलेल्या बरणीत काळी भुकटी किंवा दाणे सापडतात. ती कारखान्याची आहे, घरी केलेली आहे की आणखी काही, हे बघून कळत नाही. बरणी उघडू नये, हलवू नये, तिच्यातली चिमूट जाळून पाहू नये, गाडीतून कुठे नेऊही नये. खोलीतील माणसे बाहेर काढावीत, काडी किंवा सिगारेट पेटवू नये आणि स्थानिक अग्निशमन दलाला किंवा पोलिसांना फोन करून बरणी कोठे आहे, किती मोठी आहे आणि झाकण धातूचे आहे का, एवढे सांगावे.